बुधाजीचा ॲंटेना

कर्जतजवळच्या आमच्या कोंडाण्यात टीव्ही पहिला आला तो बुधाजीच्या घरी, आन् त्या टीव्हीनं त्या माणसाची काय दशा केली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी गौराबाई, त्याची शेजारीण. मधे नुसतं कुंपण. तेव्हा मला कुणी शिकवायला येऊ नका.

बुधाजी म्हंजे भातशेतीतला माणूस. आवणीला रोपं लावायला वाकला की दुपारपर्यंत मान वर करायचा नाय. बोलायचा कमी, खोकायचा जास्त. एकुलता एक पोरगा, गजा. तो मुंबईला गिरणीत लागला आन् एका दिवाळीला कुणाचा तरी जुना टीव्ही टेंपोत घालून घेऊन आला. कौलांवर बांबू बांधून त्यानंच ॲंटेना चढवला. पुढं गिरण्यांचा संप झाला. गजा मुंबईतल्या खोलीवरून निघाला तो गावी आला नाय आन् दुसरीकडंबी कुठं पोचला नाय. ज्याला विचारावं त्यानं हात वर करावेत.

शेवटी बुधाजीनं पोलिसांत कळवलं. हरवलेल्या माणसांचे फोटो टीव्हीवर दाखवतात, तसा गजाचा दाखवू, म्हणाले. घरात गजाचा एकच फोटो, पोरीकडच्यांना दाखवायला कर्जतला काढलेला. त्याच्या आईनं, धोंडूबाईनं, पदरानं पुसून पुसून तो दिला. फोटो मुंबईला गेला तो गेलाच. बुधाजीनं मागून किती खेपा घातल्या, पण परत काय हाती लागला नाय.

भात झोडून झालं तवा एक दिवस धोंडूबाई मला म्हणाली, "गौरे, गजाचं तोंड डोळ्यांपुढं येत नाय गं. त्याचं चालणं येतं, हाक येते. तोंड येत नाय."

"काय येड्यावानी बोलतेस! आई ना तू त्याची?"

"म्हणून तर जीव तुटतो. टीव्हीवर दाखवतील तवा एकदा पोटभर बघून घेईन."

आन् टीव्हीवर तर नुसत्या मुंग्या! रानातली मेली माकडं कौलांवर उतरली होती, त्यांनी ॲंटेना पार फिरवून ठेवलेला. गजानं त्याचं तोंड कुठं केलं होतं, ते कुणाच्याच ध्यानात नाय. बुधाजीनं विचार केला, मुंबई कुठं? आमच्या लेखी मुंबई म्हंजे गाडी जाते तिकडं. कर्जत, नेरळ, कल्याण, मग मुंबई. सगळ्या गावानं माना डोलावल्या, मीबी डोलावली. नेरळकडं तोंड करून त्यानं बांबू आवळला. मावळतीला समोर माथेरानचा डोंगर आडवा, तिकडं फिरवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाय. डोंगरातून काय येणार, कप्पाळ?

मुंग्या तशाच. मग बुधाजीनं बांबूला बांबू जोडला. मग कर्जतहून बूस्टर आणला. मग ॲंटेना कौलांवरून काढून फणसाच्या शेंड्याला नेला. रोज संध्याकाळी हाच तमाशा. बुधाजी फणसावर, मी अंगणात, धोंडूबाई आत. ती ओरडायची, "आलं, आलं!" मी ओरडायची, "आलं वो भावजी, हलवू नका!" तवर आतून यायचं, "गेलं!" लोकं कुंपणापाशी उभी राहून हसायची. हसा म्हटलं, तुमची पोरं घरात हायत.

एका संध्याकाळी त्या मुंग्यांमधनं बाईचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "गजानन बुधाजी, राहणार कोंडाणे. रंग सावळा. डाव्या भुवईवर जखमेची खूण."

"गजा! अवो, गजा हाय! फिरवा!" धोंडूबाई किंचाळली. मी आत धावले. ती दोन्ही हातांनी काच पुसत होती, मुंग्या निघतील म्हणून. देवा, ते बघवत नव्हतं. वर बुधाजीनं बांबूला असा काय हिसका दिला की दोरी तुटली आन् ॲंटेना गर्रकन माथेरानकडं फिरला.

चित्र आलं. मुंबई सरळ त्या डोंगरामागंच होती म्हणायची. धुतल्या ताटासारखं लख्ख. फेटा बांधलेला कुणी म्हातारा आमच्याकडं बघत होता आन् ती बाई त्याचं गाव सांगत होती.

"ह्यो कोण?" धोंडूबाई म्हणाली. "गौरे, ह्यो कोण गं?"

बुधाजी खाली आला. छाती खरचटलेली, दम लागलेला. दारातनंच विचारलं, "दिसला?"

मी त्या फेटेवाल्याकडं बोट केलं. त्याला काय ते कळलं. तो उंबऱ्यावरच बसला.

मग धोंडूबाई त्याला म्हणाली, "तुमी पोलिसांना डावी भुवई का सांगितलीत? खूण उजवीला हाय."

"डावीलाच. विळा लागला होता तवाची."

"उजवीला वो! मी आई हाय त्याची!"

"अगं, फोटोत बघ—" म्हणाला आन् बोलता बोलता थांबला. मग स्वतःच्या भुवईला हात लावून बघायला लागला, आधी डाव्या, मग उजव्या. धोंडूबाईचा आवाज खाली आला. "उजवीलाच होती ना? गौरे, तू सांग. तुझ्या अंगणात वाढला तो."

दोघं माझ्या तोंडाकडं बघत होती. त्या जखमेत हळद मी भरली होती, ह्याच हातांनी. पोरगं रडत होतं, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, सगळं आठवलं. बाजू आठवेना.