योग्य ती काळजी घ्यावी

रक्तातली साखर मोजायच्या यंत्राची मराठी माहितीपुस्तिका मी लिहिली, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, कारण मीच सांगत सुटलो होतो. फुलचूरला घरी बसून मी वैद्यकीय उपकरणांचे कागद मराठीत करतो. कंपनीतल्या तपासणाऱ्या बाईंनी तेव्हा विचारलं होतं, "‘रीडिंग कमी आल्यास योग्य ती काळजी घ्यावी’, म्हणजे माणसानं नेमकं काय करायचं? लक्षणं लिहा, उपाय लिहा." मी म्हटलं, एवढं वाचून रुग्ण घाबरतो, वाक्याचा डौलही जातो. मंजुरीच्या घाईत माझा डौल तसाच छापून आला.

पहिलं यंत्र मी सौंदडला मोठ्या भावाला दिलं. तो इन्सुलिन घेतो.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका दुपारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, हे बांधीतून आले अन् घामानं भिजून राहिले. हात कापून राहिले. मशीन चव्वेचाळीस दाखवते."

"मग तुम्ही काय केलं?"

"तुमच्या कागदात काळजी घ्या लिहून आहे. कारल्याचा रस पाजला अन् निजवलं."

शुगरच्या माणसाची काळजी म्हणजे कारलं, दुसरं त्या बिचारीला कोणी सांगितलं होतं?

"वहिनी, आधी साखर द्या. तीन-चार चमचे, पाण्यात."

"साखर? कायले? मारता का त्याईले?"

"शुगर फार उतरली आहे त्याची. गिळता येते का? बोलतो का?"

"बोलतात. पण मलेच ‘तू कोण होय’ म्हणून राहिले."

घरात साखर नव्हती. वहिनीनं ती केव्हाच बंद केली होती. फोन खाटेवर टाकून ती शेजारी धावली. मला पंख्याचा आवाज येत होता आणि भावाचा श्वास. मी श्वास मोजत बसलो, मध्येच चुकलो, पुन्हा एकपासून मोजू लागलो. मग पेल्यात चमचा वाजला.

पंधरा मिनिटांनी मशीन अठ्ठ्याऐंशीवर आली. फोनवर भाऊ म्हणाला, "काऊन बे, लिहिता येत नाही त कायले लिहितं?"

त्याच संध्याकाळी मी बाईंना चूक कळवली. घाम, थरथर, गोंधळणं, लगेच साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता दवाखाना. सगळं सरळ लिहून पाठवलं. त्या म्हणाल्या, दुकानांना सूचना जाईल, पण माल गावोगाव पोचला आहे.

तेव्हापासून औषधाच्या दुकानात गेलो की मी ते खोकं उघडून बघतो. जुनी पुस्तिका निघाली की दुकानदाराला समजावू लागतो. तो म्हणतो, "लेना है क्या, भाईसाब?"

मी घेतो. कपाटात आता सहा खोकी आहेत, आणि अजून सगळी दुकानं बघून झालेली नाहीत.