बिनटाक्याचं सोवळं

आमच्या गल्लीत रिकाम्या मुलीला स्वतः उत्तर द्यावं लागत नाही. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला पानवाला बसतो. तो अधूनमधून विचारायचा, "का हो बिटिया, आजकल का करत हऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत बाकावरून कुणीतरी सांगून टाकायचं, "तैयारी!" कसली तैयारी, हे विचारायची बनारसात पद्धत नाही.

तयारी मी खरंच पुष्कळ केली. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे पुरोहित, म्हणून मी संस्कृत घेऊन बी.ए. झाले. मग बँकेच्या परीक्षा. मग एका साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांना फोनवरून साड्यांचे फोटो पाठवायचं काम. मग शिवणाचा क्लास. माणसाचा कुठलाच अनुभव वाया जात नाही म्हणतात. बँकेच्या परीक्षांचा माझा अनुभव साफ वाया गेला, एवढं इथे सांगून ठेवते. क्लासमधून मी कापडाचे तुकडे घरी आणायला लागले तेव्हा आई म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ही म्हण तिला आयुष्यात इतकी चपखल वापरायला कधीच मिळाली नव्हती, ती दिवसभर खुशीत होती.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं: ओळखीच्या शाळेत माझ्यासाठी संस्कृतच्या बाईंची जागा बघून ठेवली. चैत्रात रुजू व्हायचं. मला शाळेत जायचं नव्हतं. मुलं रूपं म्हणताना चुकली की मी त्यांच्याच बाजूने हसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण "मग काय करणार?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या वेळी बाकावरून कुणी मदतीलाही येणार नव्हतं.

उत्तर सापडलं ते थंडीत, अहिल्याबाई घाटावर. पुण्याचे एक यजमान आले होते, मोठे साहेब, नवंकोरं रेशमी सोवळं नेसून. नेसले कसले, गुंडाळलं होतं. बाबा घरी विसरलेली तुळस घेऊन मी पोचले तेव्हा साहेब अर्घ्य द्यायला उभे होते, नदीवरून वारा सुटला होता आणि त्यांचे दोन्ही हात कमरेला होते.

"गुरुजी, हे सुटतंय."

"अर्घ्य द्या आधी, मुहूर्त चाललाय."

"दिलं तर जाईल हो सगळं!"

त्यांची बायको तोंडाला पदर लावून नदीकडे बघत राहिली. मी पर्समधून सेफ्टी पिन काढली. "लोखंड!" बाबा ओरडले. शेवटी दोन नावाडी यजमानांच्या आजूबाजूला चादर धरून उभे राहिले आणि गंगेला अर्घ्य मिळालं.

परतताना मी म्हटलं, "बाबा, मी शिवून देते ना असली सोवळी. निऱ्या घातलेल्या. इलॅस्टिक लावून."

"अगं, शिवलेलं वस्त्र कर्माला चालत नाही. सुई लागली की सोवळं संपलं."

या बाबतीत आमच्या भागातले सगळे गुरुजी बाबांनाच विचारतात. ते 'चालतं' म्हणाले तर ठिकठिकाणचे यजमान माझ्याकडे येणार. नाही म्हणाले तर सोवळं पेटीत आणि मी शाळेत.

आता सुई नको म्हणजे नको. शिवणाच्या क्लासात एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली होती: काही नाड्या आतून पोकळ असतात, शिवण नसतेच, विणतानाच तशा विणतात. मी एका म्हाताऱ्या विणकर चाचांकडे गेले आणि म्हटलं, धोतराचा एक काठ असा पोकळ विणून द्या. चाचा खूप हसले. "बिटिया, धोती बनवावत हऊ कि पैजामा?" पण त्यांनी विणून दिला. त्या काठातून रेशमी दोरा ओवला. दोरा ओढला की निऱ्या जागच्या जागी, गाठ मारली की कमर पक्की, कासोटा मागे त्याच दोऱ्यात खोवायचा. टाका एकही नाही.

बाबांनी चष्मा लावून टाका शोधला. उजेडात धरून शोधला. कापड उलटं केलं. त्यांना तो सापडला नाही याचं त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि सोवळं घेऊन आत गेले.

त्यानंतर मी विचारलं की ते दुसरंच काहीतरी बोलायचे. कधी भाजी महागल्याचं, कधी गल्लीतल्या सांडाचं. मी फार मागे लागले तर, "शास्त्राला घाई चालत नाही." चैत्राला मात्र घाई होती.

इथे एक सांगायला हवं. आदल्या वर्षापासून बाबांची बोटं आखडायला लागली होती. सकाळी सोवळं नेसताना निऱ्या हातातून निसटायच्या, पुन्हा घालायच्या, पुन्हा निसटायच्या. खाली यजमान खोळंबलेले, आई दाराबाहेरून हाका मारतेय. आत जाऊन मदत करायची सोय नाही. हात लावला की सोवळं मोडतं. तेवढा वेळ मी जिन्यात बसून राहायचे. हल्ली आई हाका मारेनाशी झाली होती. मला वाटलं, थकली बिचारी. आणि गच्चीवर उंच दांडीला बाबांचं सोवळं वाळत असतं, त्याच्या जवळपासही आम्ही फिरकत नाही, त्यामुळे तिथे काय वाळतंय हे मी कधी पाहिलंच नाही.

शाळेत रुजू व्हायच्या दिवशी मी सुती साडी नेसून, पर्स घेऊन, फाशीला निघाल्यासारखी दारात उभी होते. बाबा आत गेले आणि लगेच बाहेर आले. निऱ्या अशा, की इस्त्रीवाल्याने हात जोडावेत. मी बघतच राहिले. कमरेला रेशमी गाठ होती.

"बाबा, म्हणजे हे चालतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पायात खडावा घातल्या, पंचपात्र उचललं आणि जिना उतरता उतरता चिडून म्हणाले, "हे रोज धुवावं लागतं. काल वाळलं नाही, तसंच ओलं नेसलोय. दुसरं कुठाय?"