सोजरबाईचा पत्र्याचा कावळा

हडपसरच्या सोजरबाईच्या कुरडया पार कोथरूडपर्यंत जायच्या. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर कुरडया पाडून मोकळं व्हायचं, असा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता. पण ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात घराच्या खालत्या अंगाला, म्हणजे पूर्वेला, हिंदुरावची वीटभट्टी आली. विटांच्या मातीत घालायला तिथं राख चाळत. खालचा वारा सुटला की ती राख सोजरबाईच्या गच्चीवर.

कोथरूडच्या सुहासिनीबाईंच्या शब्दावर त्यांची सगळी गल्ली सोजरबाईकडून माल घ्यायची. त्यांनी डबा उघडून चष्मा नाकावर सरकवला.

"सोजरबाई, कुरडईत तीळ कधीपासून घालायला लागलात?"

सोजरबाईनं एक कुरडई उचलून नखानं खरवडली. राखेचे काळे ठिपके.

"पंधरा दिवसांनी मुलीचं लग्न आहे. रुखवताला दोनशे हव्यात. बिनतिळाच्या जमणार असतील तर सांगा, नाहीतर गल्लीत दुसरी बाई विचारतेच आहे."

सोजरबाई तशीच भट्टीवर गेली.

"वैनी, राख माझी हाय, वारा माझा न्हाई," हिंदुराव म्हणाला. "वारा तुमच्याकडं असला तर मी माती मळीन, राख दुपारी चाळीन. पन कळावं कसं? वाऱ्याला काय पाटी लावलीया?"

"मी लावते," सोजरबाई म्हणाली.

तिनं तेलाचा रिकामा डबा कापला. नवऱ्याच्या, मच्छिंद्रच्या, सायकलची एक तार मागितली.

"आता सायकलबी वाळत घालती का?" तो म्हणाला. कारखान्याची रात्रपाळी करून आलेला माणूस, तार देऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

गच्चीच्या कोपऱ्यात बांबू बांधून त्याच्या शेंड्यात तिनं तार उभी खोचली. तारेवर टोपण लावलेली बॉलपेनची नळी घातली आणि नळीवर ज्वारीचं धाट आडवं बांधलं. एका टोकाला पत्र्याचा बाण, दुसऱ्या टोकाला रुंद शेपटी. तोल जाईना म्हणून बाणाला कणकेचा गोळा चिकटवला. फुंकर मारली की गरकन फिरायचं.

"बाण बघून काम करा," तिनं हिंदुरावला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साठ कुरडया पाडून होतात न होतात तोच राख आली. सोजरबाई कठड्यावरून ओरडली, "आंधळे झाला का? बाण तुमच्याकडं हाय!"

"म्हनूनच चाळतोय! बाण माझ्याकडं, म्हंजी वारा माझ्याकडं येतोय."

"तुमच्याकडनं येतोय! खालचा वारा म्हंजी खालनं येतो त्यो!"

"मग टोक उलटं कशाला केलं? बाण जातोय तिकडंच टोक असतंय की!"

मच्छिंद्र डोळे चोळत वर आला. त्यानं बाण बघितला, भट्टी बघितली. "दोघंबी बरोबर हायसा," तो म्हणाला. "कुरडया तेवढ्या काळ्या झाल्या."

साठ कुरडया शेजारच्या म्हशीनं खाल्ल्या.

सोजरबाईनं बाण उलटा बसवून पाहिला, तर वारा त्या रुंद पत्र्यालाच ढकलायचा आणि गरकन फिरून टोक पुन्हा भट्टीकडंच. ती तिथंच टेकली. तेवढ्यात एक कावळा आला, कणकेचा गोळा उचलून कठड्यावर बसला आणि वाऱ्याकडं तोंड करून खायला लागला. वाऱ्याची झुळूक फिरली तसा तोही फिरून बसला. पाठीमागनं वारा लागला की पिसं उलटी होतात, म्हणून पाखरू वाऱ्याकडं तोंड करतं. हे तिनं हजारदा बघितलं होतं, कावळे हाकलताना.

संध्याकाळी बाण गेला. त्याच्या जागी कात्रीनं कापलेली कावळ्याची मुंडी आली, मागं रुंद शेपूट तेच. चुलीच्या काजळीनं तिनं तो काळा केला. मुंडीशी या खेपेला कणकेऐवजी चिखल लावला.

"कावळा तुमच्याकडं बघाय लागला की राख बंद," तिनं भट्टीवर सांगितलं.

हिंदुरावनं मान वर केली. "बघतोय की टकामका, सासऱ्यावानी," असं म्हणून त्यानं गड्यांना चाळणी ठेवायला लावली.

लग्नाच्या चार दिवस आधी सोजरबाई दोनशे कुरडया घेऊन कोथरूडला गेली. सुहासिनीबाईंनी एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"तीळ संपले वाटतं?"

"कावळ्यानं खाल्ले, बाई."

सुहासिनीबाईंनी डब्याला झाकण लावलं. "पुढच्या मंगळवारी माझ्या बहिणीकडे शंभर द्या. तिलाही तीळ चालत नाहीत."