दातातली मरळ

थोरल्या भावाच्या दातात मरळ होती. जिती. पाण्याबाहेर काढली तरी मरळ लवकर मरत न्हाई. शेपूट आपटायची, ती त्याच्या गालावर फटाफटा बसायची. त्याचे हात मागं बांधलेले. पोलीस पाटील मागून चालायलाय, हातात चाबूक.

"खाली पडू दिली तर चामडी सोलीन."

पारावर बसलेली माणसं हसत होती. धाकटा भाऊ रडायलाय. त्याच्या मागं मी. दहा वर्साची.

गुन्हा काय? उन्हाळ्यात गोदावरी आटली की डोह तेवढे उरायचे. आईचं जुनं लुगडं दोघं भाऊ दोन्ही टोकांनी धरून पाण्यात उभे राहायचे, मी पाणी धोपटत मासे त्यांच्याकडं हाकायची. त्या साली खालचे डोह कोरडे पडले. बाप वेठीला, कुण्या साहेबाचं सामान डोक्यावर घेऊन गंगाखेडला गेलेला. घरात पीठ न्हाई. आमी वरच्या डोहात उतरलो. तो गावाचा. आमच्या लोकांनी तिथं पाय घालायचा न्हाई.

पाटलाच्या दारात आलो. पाटलानं गड्याला हाक मारली.

"घे रे. आत दे. कालवण करा म्हणावं. लय मोठी हाय."

गड्यानं मरळीवर तांब्याभर पाणी ओतलं अन् आत नेली. थोरल्याच्या ओठातून रगत येत होतं.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पाटील, आमच्या पायानं डोह बाटला. मग ह्याच्या तोंडातला मासा कसा न्हाई बाटला?"

पारावरून मागं आलेल्या माणसांचं हसणं थांबलं.

"कुणी शिकवलं हिला?"

थोरला म्हणाला, "कुणी न्हाई, मालक. तिला दिसतंय."

चाबूक माझ्या पाठीवर पडला. मी रडले. लय रडले. पण चुकलं म्हणाले न्हाई. घरी आईनं पाठीला हळद लावली. म्हणाली, "पोरी, जीभ आवर. आपल्याला इथंच राहायचंय."

चौथ्या दिवशी तोच गडी आमच्या दारात.

"तहसीलदार यायलेत. पोरांना मासे धरायला बोलावलंय. वरच्याच डोहात उतरा म्हणालेत पाटील."

वरच्याच डोहात!

थोरला उठला. सवयीनं. लुगड्याला हात घातला. मी दारात आडवी झाले.

"सांग पाटलाला, आमच्यानं डोह बाटतो. कुणी येणार न्हाई."

आईनं तोंडाला पदर लावला. गडी माझ्याकडं बघत राहिला. थोरला माझ्याकडं बघत राहिला. मग खाली बसला.

गावानं आमचं काम बंद केलं. दळण बंद केलं. बाप परत आला, त्यानं सगळं ऐकलं, मला रागावला न्हाई, दुसरीकडं काम शोधायला लागला. आठ दिवसांनी गाडगी-मडकी डोक्यावर घेऊन आमी पिंगळीच्या ठेसनाकडं निघालो. रुळाखालची खडी फोडायला. भावांचे हात फुटले, माझेही फुटले.

लोक आजही विचारतात, एका मरळीपायी गाव सोडलं व्हय?

व्हय. सोडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन.