तिसरा डाग

सिस्टर कमल राठोड यांचं गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, औंढा नागनाथजवळच्या तांड्यावर राहत्या घरी निधन झालं. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.

माझा भाऊ दिगंबर दवाखान्यात त्यांच्या वॉर्डात आला तो चार वर्षांपूर्वी, पोळ्यानंतरच्या आठवड्यात. आधी ताप, मग कोरडा खोकला, मग धाप. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसत होती. न्यूमोनियाची इंजेक्शनं तीन दिवस चालू होती, तरी ऑक्सिजन रोज वाढवावा लागत होता. चौथ्या दिवशी सकाळी त्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं, असं ठरलं. वाटेत तो टिकेल, असं डॉक्टर म्हणाले नाहीत...

आदल्या संध्याकाळी सिस्टर त्याचं अंग पुसत होत्या. उजव्या बरगडीवर काळ्या खपल्या होत्या. आमच्याकडे बरगडीत कळ आली की तापवलेल्या बिब्ब्याचा डाग देतात. त्यामुळे त्या खपल्या आम्ही रोज पाहिल्या आणि सोडून दिल्या. डॉक्टरांनीही.

“डाग कोणी दिले, मावशी?” सिस्टरांनी आईला विचारलं.

“म्याच. रागावून राहिल्या का?”

“रागावते मागून. किती दिले?”

“दोन.”

“इथं तीन हायेत.”

आई वाकली. काखेखालची खपली तिनं निरखून पाहिली. “ह्यो माजा न्हाई, बाई.”

खपली गोल होती, भोवती लाल कडा. सिस्टर दिगंबरकडे वळल्या. “बैलाचे गोचीड कशानं काढतो रे?”

“हातानं,” तो कसाबसा म्हणाला.

“व्वा. पोळ्याला बैल चकाचक केले, आन् गोचीड सोताला लावून घेतला.”

त्यांनी डॉक्टरांना बोलावून आणलं. गोचीड चावल्याच्या जागी अशी काळी खपली धरते; त्या चाव्यातून जंतू रक्तात जातात, ताप येतो आणि कधी कधी फुप्फुसं सुजतात. न्यूमोनियाची ती इंजेक्शनं त्यावर चालत नाहीत. तपासणीच्या अहवालाला वेळ लागणार होता. डॉक्टरांनी वाट न पाहता तेव्हाच डॉक्सीसायक्लिन सुरू केलं.

सकाळी ऑक्सिजन पहिल्यांदाच वाढवावा लागला नाही. नांदेडची गाडी रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आठवड्याभरात दिगंबर स्वतःच्या पायांनी घरी आला.

त्यानंतर ताप आणि धाप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची काख, कानामागची जागा आणि करदोड्याखालची कातडी सिस्टर पहिल्याच तासात पाहत. नव्या नर्सना सांगत, “बिब्बे मोजा. मग मायला इचारा.” निवृत्तीपर्यंत त्यांनी असे आणखी रुग्ण शोधले. वॉर्डात आजही तसंच पाहतात.

अंत्ययात्रेत दिगंबरनं तिरडीला खांदा दिला. तांड्यापासून स्मशानापर्यंत सगळा चढ आहे. बाकीच्या तिघांनी वाटेत खांदा बदलला. दिगंबरनं बदलला नाही.