दोष कारळ्याच्या चटणीचा

घोडेगावच्या बाजारात मी जनावरांची दलाली करतो. म्हैस घ्यायची तर दात आणि आचळं सगळेच बघतात, मी शेण बघतो. शेणावरून जनावराच्या पोटातलं सांगतो आणि बाजार माझा शब्द मानतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा शहाणपणा ह्याच माणसाने केलेला आहे.

दिवसदिवस उभं राहून गुडघे कामातून गेले होते. मेडिकलवाल्याने दुखण्याची गोळी दिली. ती मी रोज सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायचो. गुडघे गप्प झाले, पण छातीखाली आग पडायला लागली. आमच्याकडे ह्याला पित्त म्हणतात. आमच्याकडे सगळ्यालाच पित्त म्हणतात. मी सोडा प्यायचो, ढेकर द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी घ्यायचो.

मग संडासला काळं व्हायला लागलं, अगदी डांबरासारखं. म्हशीचं तसं दिसलं असतं तर सौदा तिथंच मोडून मालकाला डॉक्टर आणायला पिटाळलं असतं. स्वतःचं बघून मात्र माझी अक्कल थेट स्वयंपाकघरात शिरली. बायको भाकरीबरोबर कारळ्याची चटणी वाढायची. कारळं काळं, म्हणून हेही काळं. झालं निदान! तिच्यावर खेकसलो, की काय जाळून घालतेस, मला मारायला निघालीस काय. माझ्या ताटातली चटणी बंद झाली, काळं काही बंद झालं नाही. तर म्हणालो, आधीची अजून निघतेय. एवढं मोठं गाढव त्या बाजारात कधी विकायला आलं नसेल.

त्यानंतर आठव्या दिवशी बाजारात एका म्हशीमागे वाकलो तो तिथंच कोसळलो. लोकांनी टेम्पोत घालून नगरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी लई भ्यालो, खोटं कशाला सांगू. घशातून दुर्बीण घातली तर जठरात अल्सर, आणि त्यातून रक्त वाहत होतं. पोटात सांडलेलं रक्त बाहेर पडताना काळं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखी एक-दोन दिवस घरी काढले असते तर हाती लागला नसता, हेही म्हणाल्या. औषधं काय घेता, असं विचारल्यावर मी सांगितलं, काहीच नाही. गुडघ्याची गोळी माझ्या लेखी औषध नव्हतीच, चहाबरोबरचं बिस्किट होतं. मागोमाग येऊन पोचलेल्या बायकोने माझ्या सदऱ्याच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी ते उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, हेच.

रक्ताची बाटली लावून बाई गेल्या. आता बायको माझी बिनपाण्याची हजामत करणार, ह्याची मला खात्री होती. पण ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी म्हणालो, अगं, वाचलो ना.

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटत हुतं, माज्याच हातचं बाधलं तुमाला. म्हनून आठ दिस मी रोज तीच चटनी खात हुते, मला काय हुतंय का बगायला."