मावसाजींचं लपवलेलं पिस्तूल

जाम नदीच्या काठापासून थेट सौंसरच्या बाजारापर्यंत पिस्तूल लपवून बाळगणारा माणूस एकच होऊन गेला, आणि त्याने ते लपवलं आहे हे झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे माझ्या एका लांबच्या मावशीचे यजमान, आमचे मावसाजी. पांढुर्ण्याच्या बाजारओळीत त्यांचं कापडाचं दुकान, त्याच्याच मागे घर. अंगाने इतके किरकोळ, की लट्ठ्याच्या ठाणामागे बसले तर गिऱ्हाईक ‘‘दुकानात कोणी आहे का जी?’’ म्हणून हाक मारी. पण अंगात कोट! वैशाखात आमच्याकडची कुत्रीसुद्धा रांजणाखालची ओल सोडत नाहीत, तेव्हाही मावसाजी जाड काळ्या कोटात. पाठ घामोळ्यांनी फुललेली, मानेवरून घामाच्या धारा, आणि कोणी ‘‘काढा नं तो कोट’’ म्हटलं की इकडेतिकडे पाहून खालच्या आवाजात सांगायचे, ‘‘काढता येत नाही नं बाप्पा. आत आहे.’’ एवढ्याने ज्याला कळलं नाही त्याला थांबवून, बाजूला घेऊन, पुन्हा सांगायचे. एका लग्नात व्याही उराउरी भेटायला पुढे झाले, तर मावसाजी टुणकन मागे. ‘‘डावीकडून नोका भेटू जी, चालून-बिलून जाईन!’’ ते व्याही पुढे जन्मभर लांबूनच हात जोडत राहिले.

हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. इंग्रज जायच्या थोडं आधीची गोष्ट. मावशीचं माहेर सौंसरजवळच्या एका खेड्यात. तिथे आगगाडी जात नाही आणि मोटारीचं तेव्हा नाव नव्हतं. माहेराहून छकड्याने परतताना पळसाच्या नाल्यात दोन माणसं तोंडाला फडकी बांधून आडवी आली. हातात लाठ्या. मावशीच्या मनगटात तिच्या आईने घातलेल्या सोन्याच्या पाटल्या होत्या, त्या घट्ट झालेल्या, काही केल्या निघेनात. चोर ओढायला लागले, मावशी कळवळली, तेव्हा मावसाजी म्हणाले, ‘‘थांबा जी, हात सोलून राहिले तुमी तिचा.’’ मग छकड्याच्या कण्याला घालायचं तेल त्यांनी काढलं, मावशीच्या मनगटांना चोळलं, आणि स्वतःच्या हाताने दोन्ही पाटल्या उतरवून चोरांच्या हवाली केल्या. मावशीला एक ओरखडा आला नाही. सगळं गाव म्हणालं, शहाणपणा केला. मावसाजींना मात्र तो शहाणपणा घशात काटा अडकावा तसा अडकला. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता त्यांनी जाहीर केलं, ‘‘आता पिस्तूल घेईन, तवाच तुले त्या वाटेनं माहेरी नेईन.’’ मावशी म्हणाली, ‘‘बरं.’’

त्या एका ‘बरं’वर आमच्या घरात दहाएक वर्षं पिस्तुलाचा संसार चालला. मी तेव्हा पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. नागपूरच्या एका बंदुकीच्या दुकानाचं सचित्र सूचीपत्र मावसाजींनी मिळवलं होतं, ते इंग्रजीत. म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी दुकान वाढवलं की आमची बैठक. मुली पाहाव्यात तशी मावसाजी पिस्तुलं पाहत. एक उंचीने जास्त, दुसरं रंगाने भडक, तिसरं सगळ्याच बाबतीत चांगलं पण ऐपतीबाहेरच्या घरचं. ‘‘रिव्हॉल्व्हर नोको मास्तर, त्याचं पोट सुटलेलं राह्यते, कोटातून दिसते. चापट पाह्यजे. बेताचं. मुठीत मावलं पाह्यजे.’’ गोळ्या किती बसाव्यात यावर तर आठवडा गेला. सूचीपत्रात सात गोळ्यांचं एक होतं, पण महाग. ‘‘चोर होते दोन. सात गोळ्या कायले? बाकीच्या पाच घरी आणून काय लोणचं घालू?’’ मग थोडा विचार करून म्हणायचे, ‘‘पण नेम चुकला त?’’ आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. मावशी आतून भाकरी थापता थापता विचारायची, ‘‘ठरलं का जी?’’ आणि मावसाजी उत्तर द्यायचे, ‘‘ठरून राहिलं.’’

इंग्रज गेले त्या साली मावसाजींइतका स्वातंत्र्याचा आनंद पांढुर्ण्यात दुसऱ्या कोणाला झाला नसेल. त्यांचा हिशेब सोपा होता. साहेब लोक बोचकी बांधून निघाले, खुर्च्या-टेबलं मातीमोल विकून राहिले, तेव्हा पिस्तुलंही स्वस्त होणारच. झेंडावंदनाचा पेढा तोंडात आणि पाय नागपूरच्या गाडीत. संध्याकाळी परत आले ते बंदुकीच्या तेलाची बाटली घेऊन. ‘‘पिस्तूल?’’ मी विचारलं. ‘‘भाव उतरले नाही अजून. पण तेल स्वस्तात भेटलं.’’ पुढच्या खेपेला नळी साफ करायचा लांब दांड्याचा ब्रश आला. त्याच्या पुढच्या खेपेला पिवळी फलालीन, पुसायला. मग गोळ्या ठेवायची चामड्याची चिमुकली पिशवी. पिस्तुलाला लागणारं जे जे म्हणून या जगात आहे, ते सगळं आमच्या घरी नांदायला आलं. नवरदेव तेवढा यायचा राहिला. परवान्याचा अर्ज छिंदवाड्याच्या कचेरीत होता आणि तिथे निवांत होता.

चामड्याचं म्यान शिवायची वेळ आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. चांभार म्हणाला, ‘‘वस्तू दाखवा, त्याबिगर माप कसं घेऊ?’’ शिंपीही कोटाच्या आतल्या खिशासाठी तेच म्हणाला. मावसाजी कापडवाले, मापात चूक म्हणजे त्यांच्या लेखी पाप. ते सूचीपत्र घेऊन थेट सुताराकडे गेले. तान्ह्या पोळ्याचे दिवस होते, सुताराच्या पडवीत पोरांसाठी लाकडी नंदीबैल ओळीने उभे होते. बैलांच्याच सागवानातून त्याने सूचीपत्रातल्या मापाबरहुकूम एक चापट, बेताचं पिस्तूल कोरून दिलं. नंदीला लावतात तोच काळा रंग त्याला दिला. काम मापापुरतं होतं. म्यान झालं, खिसा झाला, आणि ते पाहायला म्हणून मावसाजींनी लाकडाचं पिस्तूल म्यानात घातलं, म्यान खिशात घातलं, कोटाची गुंडी लावली. मग ते काही पुन्हा बाहेर निघेना. ‘‘खिशाले सवय झाली पाह्यजे नं, खरं येईपर्यंत,’’ असं म्हणून ते दुकानावर जाऊन बसले.

घरच्या आम्हा तिघांना आणि सुतार, चांभार, शिंपी यांना सोडून गावात कोणालाच ते लाकडाचं आहे हे माहीत नव्हतं, आणि ती तिघंही भली माणसं. एकदाच पोल उघडी पडायची वेळ आली, ती गोटमारीला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या या काठावर पांढुर्णा आणि त्या काठावर सावरगाव, मधे पळसाचं झाड, आणि दोन्हीकडून दगडांचा वर्षाव. जिथली टाळकी दरवर्षी अशी हसतखेळत फुटतात त्या गावाला पिस्तुलाची काय मातब्बरी? पण मावसाजी कोट घालून काठावर उभे. सावरगावकडून एक गोटा आला तो नेमका डाव्या छातीवर. खटकन आवाज झाला. मावसाजी खाली बसले, माणसं धावली. ‘‘पिस्तुलानं वाचवलं!’’ कोणी म्हणालं. दुसऱ्याला शंका आली, ‘‘पण हे त लाकडावानी वाजलं.’’ मावसाजींना धाप लागली होती, तरी म्हणाले, ‘‘जर्मन आहे. जर्मन लोखंड असंच वाजते.’’ घरी येऊन पाहिलं तर दस्त्याचा टवका उडाला होता. मावशीने आधी त्यांच्या छातीला हळद लावली आणि मग सरस तापवून टवका चिकटवला. दसऱ्याला तिने विळा, अडकित्ता आणि मावसाजींच्या कातरीशेजारी ते मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी हसलो, तशी डोळे वटारून म्हणाली, ‘‘हसतो काऊन रे? शस्त्र आहे ते ह्याईचं.’’

पण या सगळ्या गमतीत मावशी माहेरी जाईना, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दर दिवाळीला तिचा भाऊ छकडा घेऊन न्यायला यायचा. चार माणसं संगतीला, हातात काठ्या, भीती कशाची? मावशी त्याला पुरणपोळी वाढायची, आईची चौकशी करायची, आईच्या डोळ्यांना आता किती दिसतं ते खोदून खोदून विचारायची. आणि त्याने ‘‘चाल नं अक्का’’ म्हटलं की म्हणायची, ‘‘हे आणणार आहेत नं मले. यंदा पिस्तूल घेऊन राहिले.’’ छकडा रिकामा जायचा. तो वळणाआड होईपर्यंत ती दारात उभी राहायची, मग पदराने तोंड पुसून आत यायची. भावाबरोबर गेली असती तर मावसाजींचं वचन खोटं पडलं असतं, आणि एकदा त्यांच्या हातून पाटल्या उतरल्या होत्या, आता त्यांचा मान उतरू द्यायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं. मावसाजी हे सगळं दुकानाच्या गादीवरून बघायचे. त्या संध्याकाळी सूचीपत्र निघायचं नाही.

मग एका दसऱ्याला सांगावा आला, की आईचे डोळे पुरते गेले, अंथरूण धरलंय, लेकीचं नाव घेऊन राहिली. मावसाजी ओसरीवर डोकं धरून बसले. खरं पिस्तूल काही आलेलं नव्हतं. मावशी देवघरातून पूजेचं ते लाकडी पिस्तूल उचलून घेऊन आली, त्यावरचं फूल काढून आपल्या अंबाड्यात खोवलं, पिस्तूल म्यानात घातलं, म्यानाची गुंडी लावली आणि त्यांच्यापुढे धरलं. म्हणाली, ‘‘आहे नं आपल्याजवळ. चाला.’’

छकडा मी हाकत होतो. सौंसरची वाट, दोन्हीकडे कपाशी फुटलेली, संत्र्यांचे बगीचे, आणि मागे ती दोघं. दिवस मावळतीला पळसाचा नाला आला तसा मावसाजींचा पाय माझ्या पाठीला लागला. तो त्यांनी काढला नाही, तसाच रेटून धरला. मावशी सरकून त्यांच्या डाव्या अंगाला बसली आणि कोटावर, नेमकी त्या खिशावर, हात ठेवला.

‘‘आहे नं जी?’’ तिने विचारलं.

‘‘आहे,’’ मावसाजी म्हणाले.

‘‘मग मले कायचं भेव?’’ असं म्हणून तिने त्यांच्या खांद्यावर मान टाकली आणि नाला ओलांडेपर्यंत चक्क डोळे मिटून घेतले. नाल्यात चिटपाखरू नव्हतं. मावसाजी मात्र छाती काढून असे बसले होते, की बैलांनीही पाऊल उचललं. माहेरी पोचल्यावर आंधळ्या म्हातारीने लेकीचे हात चाचपले, मनगटं चाचपली, पुन्हा पुन्हा. आणि रडत म्हणाली, ‘‘पाटल्या गेल्या त गेल्या वं माय, तू बी कायले गेलती त्याईच्या संगं?’’ मावसाजी कोपऱ्यात तोंड फिरवून उभे होते. मला त्यांचा कोट तेवढा दिसत होता, पाठीवर घामाने भिजलेला.

त्यानंतर दरवर्षी मावशी माहेरी जाऊ लागली, आई गेल्यावरही भावाकडे. मावसाजी नेत, मावसाजी आणत. परवान्याचा अर्ज छिंदवाड्याहून नागपूरला गेला होता, आणि तेवढ्यात राज्यांची वाटणी होऊन नागपूरच दुसऱ्या राज्यात गेलं. आम्ही भोपाळच्या राज्याचे झालो. ‘‘मी इथं, माह्या अर्ज परदेशात,’’ असं मावसाजी गमतीने म्हणत. पण नव्या राज्याच्या पहिल्याच थंडीत मावशीला ताप आला आणि तो उतरलाच नाही. आणि मग, सरकारी कामाला वेळेचं काय सोयरसुतक, दोन वर्षांनी परवाना मंजूर होऊन घरी आला.

मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. म्हटलं, जन्माची हौस आहे, होऊ दे. दुकानदाराने तेच, सूचीपत्रातलं चापट पिस्तूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. मावसाजींनी खिशातून म्यान काढलं, लाकडाचं बाहेर काढून बाजूला ठेवलं आणि खरं आत घातलं. तंतोतंत बसलं. त्यांनी गुंडी लावली, उघडली, पुन्हा लावली. ‘‘मापात चूक नव्हती, पाह्य मास्तर,’’ ते म्हणाले. मग म्यान खिशात घालून दुकानातल्या दुकानात चार पावलं चालले, आणि थांबले. पिस्तूल काढून काचेवर ठेवलं. ‘‘लय जड आहे जी. कोट एकीकडे वढल्या जाते.’’ दुकानदार म्हणाला, हलकंही दाखवतो. मावसाजींनी मान हलवली. लाकडाचं म्यानात घालता घालता माझ्याकडे न बघता बोलले, ‘‘तिनं ज्याच्यावर हात ठेवला ते हेच. आता दुसरं घेऊन कोणाले नेऊ?’’

तरी दिवाळीनंतर ते सौंसरच्या वाटेला जायचे, मेहुण्याला भेटायला. मोटार सुरू झाली होती, पण हट्टाने छकड्यातून, अंगात तोच कोट. मी दोनतीनदा संगतीला होतो. डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवून ते बसायचे. मग पळसाचा नाला यायचा. कोणी काही विचारलेलं नसायचं. मावसाजी खिशावर हात ठेवायचे आणि त्या मोकळ्या जागेकडे वळून हळूच म्हणायचे, ‘‘आहे.’’